ध्वनी, गोंगाट आणि अर्धे राहिलेले वाक्य

‘ध्वनिप्रदूषण’ हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्यातील विसंगती आपल्याला खटकत नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ज्या ‘ध्वनी’ला काव्याचा आत्मा मानले, तोच शब्द आज शासकीय नियमांत कानाला छळणाऱ्या, बोलणे बुडवणाऱ्या गोष्टीसाठी वापरला जातो. मराठीला या अनुभवासाठी शब्दांची वाण नव्हती. गोंगाट, गलका, कल्लोळ, घणघणाट, गडगडाट, घरघर : यांतला प्रत्येक शब्द आवाजाची जात सांगतो आणि ऐकणाऱ्यावर काय गुजरले तेही सांगतो. ‘ध्वनी’ मात्र तटस्थ आहे. तो कुणाच्या बाजूने बोलत नाही, आणि बहुधा म्हणूनच प्रशासनाला सोयीचा ठरला.

शब्दापासून सुरुवात करण्याचे कारण आहे. विमानतळालगतच्या वस्त्यांना सोसावा लागणारा आवाज हा अभियंत्यांचा, नगररचनाकारांचा, फार तर डॉक्टरांचा विषय समजला जातो. साहित्याच्या अभ्यासकाचा तेथे काय संबंध, असे कुणी विचारील. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की हा मुळात भाषेचाच प्रश्न आहे. विमानाच्या आवाजाने पहिला आघात होतो तो बोलण्यावर आणि वाचण्यावर. आणि तो मोजण्याची जी परिभाषा आपण स्वीकारली आहे, ती नेमका हाच आघात अदृश्य करते.

उदाहरण दूरचे नको. पुण्याचे लोहगाव घेऊ. तेथील हवाई तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. धावपट्टी हवाई दलाची, तीही एकच; प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवरून ये-जा करतात. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय जातीची लढाऊ विमाने भारतीय हवाई दलात दाखल झाली, ती याच तळावर. पुढे माहिती तंत्रज्ञान उद्योगाबरोबर शहर फुगले आणि त्यासोबत विमानांची संख्याही. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, जुलैपासून ते वापरात आले. वर्षाकाठी एक कोटीच्या आसपास प्रवासी येथून ये-जा करतात. सभोवती विमाननगर, धानोरी, कळस, टिंगरेनगर अशा दाट वस्त्या आहेत. जवळच्याच एका वस्तीचे नाव विश्रांतवाडी असावे, हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता तर आपण त्याला ढोबळ उपरोध म्हटले असते.

या वस्त्यांतील माणसाने तक्रार केली, तर उत्तर आकड्यात मिळते, आणि तो आकडा बहुधा सरासरीचा असतो. तांत्रिक भाषेत त्याला ‘समतुल्य ध्वनिपातळी’ म्हणतात : ठरावीक काळातील सगळी ध्वनिऊर्जा एकत्र करून ती त्या काळावर सारखी पसरायची आणि मग किती डेसिबल होते ते पाहायचे. आता एक साधे गणित मांडू. एरवी ४५ डेसिबलची शांतता असलेल्या खोलीबाहेरून तासातून एकदाच विमान गेले, वीस सेकंद ८० डेसिबलचा आवाज झाला, तर त्या तासाची सरासरी ५८ च्याही थोडी खालीच राहते. ही सरासरी ६५ वर न्यायची, तर तासाला असे पाच-सहा प्रसंग लागतील. कागदावर ‘६५’ हा एक शांत, स्थिर आकडा दिसतो. प्रत्यक्षात मात्र त्या तासात कुणी ६५ डेसिबल ऐकलेले नसते. ऐकलेले असते ते दर दहा-बारा मिनिटांनी अंगावर येणारे ८० डेसिबल, आणि मधल्या वेळात पुढच्याची वाट पाहणारी शांतता.

सरासरी खोटे बोलते असे नव्हे. ती ऊर्जेविषयी खरेच सांगते. परंतु माणूस ऊर्जा ऐकत नाही, तो प्रसंग ऐकतो. कथेतील सर्व वाक्यांच्या लांबीची सरासरी काढली, तर त्यातून कथेचा आघात कोठे झाला हे कळत नाही, तसेच हे. आवाजाच्या त्रासाचे स्वरूप कथनात्मक आहे. त्याला सुरुवात, चढ, शिखर आणि उतार असतो, आणि ज्याच्या जगण्यात तो घुसतो त्याचेही त्या क्षणी काहीतरी चाललेले असते. आजीला झोप लागत असते, मूल पाढे म्हणत असते, दूरध्वनीवर कुणी निधनाची वार्ता सांगत असते.

कायद्याकडे पाहिले, तर ही तटस्थता आणखी स्पष्ट होते. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवली. २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी वेगळी मानके आली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक उड्डाणे-अवतरणे होणाऱ्या विमानतळांसाठी ती दिवसा ७० आणि रात्री ६५ आहेत. इतरांसाठी ६५ आणि ६०. डेसिबलचे मापन लघुगणकी असते, म्हणजे दहा डेसिबलची वाढ ही दसपट ऊर्जा आणि वीसची वाढ ही शंभरपट. तेव्हा गजबजलेल्या विमानतळाच्या क्षेत्रात ज्याचे घर येते, त्याच्या रात्रीसाठी साध्या निवासी भागापेक्षा शंभरपट ध्वनिऊर्जा नियमात बसते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, विमानांचा रात्रीचा आवाज ४० डेसिबलच्या खाली असावा असे सुचवले होते. दोन्ही आकडे एकाच वर्षातले आहेत. झोपणारा माणूसही बहुधा सारख्याच जातीचा असावा.

आता शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. १९९२ च्या मे महिन्यात जर्मनीतील म्युनिक शहराचा रीम येथील जुना विमानतळ बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. संशोधकांनी ही संधी साधून दोन्ही ठिकाणच्या मुलांची स्थलांतराच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष बोलके आहेत. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची दीर्घकालीन स्मृती आणि वाचन सुधारले. नव्याच्या परिसरातील मुलांचे तेच खालावले. त्यानंतर २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधील नऊ-दहा वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज वाढत जातो तसतसे वाचनाचे आकलन घटत जाते, असे त्यातही आढळले.

ही हानी कानाची नव्हे, वाचनाची आहे. मुलांना ऐकू येत होते. त्यांना मजकुराचा अर्थ लावणे जड जात होते. विमानतळाजवळच्या शाळांत शिक्षक विमान जाईपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा बोलू लागतात, याला इंग्रजीत ‘जेट-पॉज’ असे नावही पडले आहे. कविता शिकवणाऱ्याला या थांबण्याची किंमत वेगळी सांगायला नको. यती कोठे घ्यावा हे कवी ठरवतो. येथे तो हवाई वाहतूक नियंत्रक ठरवतो. आणि थांबलेले वाक्य पुन्हा सुरू होते, तेव्हा ते तेच वाक्य असते असे नाही. मुलाचा प्रश्न मध्येच राहिला, तर पुष्कळदा तो कायमचाच राहतो.

या हानीला न्यायालयाच्या भाषेत कसे आणावे, हा पेच जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली निकाली काढलेला ‘कॉस्बी’ खटला सर्वांत प्रसिद्ध. उत्तर कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे एका लहान विमानतळाजवळ कोंबड्या पाळणारे कुटुंब होते. युद्धकाळात लष्करी विमाने त्यांच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जाऊ लागली. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या. एकूण सुमारे दीडशे. कुटुंबाची झोप उडाली होती, ती माणसे भेदरलेली होती, हेही निकालपत्रात नोंदले आहे. जमिनीची मालकी थेट आकाशापर्यंत असते हे जुने तत्त्व न्यायमूर्ती डग्लस यांनी मोडीत काढले. मात्र इतक्या खालून आणि इतक्या वारंवार होणारी उड्डाणे जमिनीच्या उपभोगावरच आघात करतात, म्हणून भरपाई देय आहे असे ठरवले. निकाल उदार होता. पण भरपाईचा आधार जमीन हा होता. झोप आणि भीती निकालपत्रात आली ती वर्णन म्हणून.

युरोपात हा प्रश्न खाजगी जीवनाच्या हक्कातून मांडला गेला. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या रात्रीच्या उड्डाणांविरुद्ध रहिवासी मानवी हक्क न्यायालयात गेले. २००१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, आणि २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने या मुद्द्यावर तो फिरवला. देशाचे आर्थिक हित आणि झोप यांचा समतोल सरकारने योग्य रीतीने साधला होता, असे ठरले. तराजूच्या एका पारड्यात आकडे होते आणि दुसऱ्यात अनुभव. अनुभवाला आकड्याचे वजन कसे द्यावे हे कुणालाच नीटसे सांगता आले नव्हते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तळ आधी होता, इमारती नंतर आल्या. मग तक्रार कसली? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. बांधकामांना परवानगी रहिवाशांनी दिली नव्हती. विमानतळाचे सान्निध्य ही घराच्या जाहिरातीतील जमेची बाजू असते. त्या जाहिरातीत धावपट्टीचे अंतर मिनिटांत सांगतात, डेसिबलमध्ये नाही. शिवाय लोहगाव हे गाव तळाच्या कितीतरी आधीचे आहे. दुसरा आक्षेप संरक्षणाचा. लढाऊ वैमानिकाला सराव हवाच, त्याविषयी वाद नाही. तिसरा आक्षेप असा, की आपण सगळेच विमानाने प्रवास करतो. तेही खरे, परंतु उडणारा आणि ऐकणारा हे एकच नसतात. ज्याच्याकडे दुहेरी काचेच्या खिडक्या आणि वातानुकूलन आहे, त्याच्यासाठी हा आवाज दबतो. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या रात्री खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्याकडे तो पूर्ण पोचतो. गोंगाटाची वाटणीही उत्पन्नाप्रमाणेच होते, फक्त उलट दिशेने.

मराठी वाचकासाठी लोहगावला आणखी एक अर्थ आहे. परंपरेप्रमाणे हे तुकोबांचे आजोळ. माता कनकाईंचे माहेर. तुकोबांची कीर्तने येथे होत असत असे चरित्रपरंपरा सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. या निर्णयाचा आनंद मानण्यास हरकत नाही. पण कीर्तन ही बोलणाऱ्याने बोलायची आणि ऐकणाऱ्याने ऐकायची कला आहे. तिला पहिली गरज असते ती शब्द श्रोत्यापर्यंत पोचण्याची. त्या गावात संध्याकाळी कुणी कीर्तनाला उभे राहिले, तर ते सलग ऐकू यावे एवढी काळजी नाव देणाऱ्यांनी वाहिली, तर ते नामकरण सार्थ होईल.

पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ झाला की पुण्याचा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, खानवडी अशा सात गावांची जमीन त्यासाठी ठरवण्यात आली आहे आणि तेथे विरोधही तीव्र आहे. म्युनिकचा धडा येथे लागू पडतो. विमानतळ हलतो तेव्हा गोंगाट नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या मुलांच्या वाचनाच्या तासात जाऊन बसतो. शिवाय लोहगावातून लढाऊ विमाने हलणार नाहीतच.

मग मागावे काय? विमाने बंद करा, अशी मागणी कुणी शहाणा करणार नाही. मागणी मोजण्याच्या भाषेबद्दल करता येते, आणि तिला पूर्वोदाहरण आहे. सिडनी विमानतळावर १९९४ मध्ये नवी धावपट्टी सुरू झाल्यानंतर उसळलेल्या असंतोषातून ऑस्ट्रेलियात एक वेगळे माप पुढे आले : दिवसभरात ७० डेसिबलपेक्षा मोठे प्रसंग किती झाले, त्यांची सरळ मोजणी. ७० हाच आकडा का? बाहेर ७० असेल, तर उघड्या खिडकीच्या घरात साधारण ६० होतात आणि त्या पातळीला माणसाला बोलताना आवाज चढवावा लागतो. म्हणजे या मापाच्या मुळाशी संभाषण आहे. तुमचे बोलणे आज किती वेळा तुटले, एवढेच ते विचारते. सामान्य माणसाला ते कळते, कारण तो स्वतःही तसेच मोजत असतो.

प्रत्येक वस्तीसाठी अशी मोजणी व्हावी; रात्रीचे प्रसंग निराळे दाखवावेत; ती दरमहा मराठीतून जाहीर व्हावी; घर विकताना ती खरेदीदारापुढे ठेवणे बंधनकारक असावे; शाळांच्या खिडक्या-छपरांचा बंदोबस्त विमानतळाच्या विस्ताराच्या खर्चातच धरला जावा. यांतले काहीही अशक्य कोटीतले नाही.

आणि आपण, म्हणजे साहित्य शिकणारे-शिकवणारे? आपल्या हाती मापनयंत्रे नाहीत, पण नोंदवही आहे. या परिसरातील महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर एवढेच टिपावे : कोणते बोलणे, कुणाचे, किती वाजता तुटले, आणि ते पुन्हा जोडले गेले का. लोकांनी त्या आवाजाला कोणते शब्द योजले तेही लिहावे. ‘ध्वनी’ हा शब्द त्यात फारसा सापडणार नाही, असा माझा अंदाज आहे. अशी वही शासनदरबारी पुरावा ठरेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण सरासरीने पुसून टाकलेले प्रसंग तिच्यात तारीखवार शाबूत राहतील, आणि उद्या कुणी ‘मर्यादेत आहे’ असे म्हटलेच, तर कशाच्या मर्यादेत, असे विचारण्याजोगे काहीतरी आपल्या हाती असेल.