वर्षाला तीन सामने, तेवढ्यालाही जागा नाही?

आज क्रिकेट सोडून थोडं आयर्लंडबद्दल. विषय लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

हर्लिंग हा तिथला जुना खेळ. एका संघात १५ जण, हातात लाकडी काठी, छोटा चामडी चेंडू. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर १ गुण, खालून जाळ्यात गेला तर ३. पगार कुणालाच नाही, नोकरी-शेती सांभाळून खेळायचं. लोकांची निष्ठा काउंटीशी, म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. या काउंट्यांचे ४ प्रांत: मन्स्टर, लेन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर.

प्रांतांच्या स्पर्धेचं नाव रेल्वे कप, कारण कप एका रेल्वे कंपनीने दिला होता. पहिला अंतिम सामना १९२७ चा. अख्खा सीझन म्हणजे दोन सेमीफायनल आणि एक फायनल. बस्स.

पण त्या फायनलचा मान मोठा होता. दिवस ठरलेला, १७ मार्च, सेंट पॅट्रिक्स डे. मैदान ठरलेलं, डब्लिनचं क्रोक पार्क. १९५४ ला तिथे ४९ हजार लोक आले होते. कॉर्कच्या क्रिस्टी रिंगने १९४२ ते १९६३ या काळात मन्स्टरकडून १८ पदकं जिंकली.

मग काय झालं? टीव्ही आला, मोठे खेळाडू घरबसल्या दिसायला लागले. पुढे १७ मार्च क्लब स्पर्धांच्या फायनलकडे गेला. रेल्वे कप कधी या महिन्यात, कधी त्या महिन्यात. २००३ ची फायनल तर थेट रोममध्ये खेळवली! काही वर्षं स्पर्धा झालीच नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मन्स्टरने लेन्स्टरला हरवलं, आणि त्यानंतर हर्लिंगचा रेल्वे कप थांबला.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "लोकच येत नाहीत, काय करणार?" मला हे अर्धसत्य वाटतं. कॉर्कचा माणूस टिपरेरीच्या खेळाडूसाठी गळा काढून ओरडणार नाही, हे मान्य. काउंटीचे प्रशिक्षक दुखापतीच्या भीतीने खेळाडू सोडायला नाखूश असतात, तेही खरं. पण ज्या स्पर्धेची तारीख तुम्हीच काढून घेतली, मैदान तुम्हीच बदलत राहिलात, तिला गर्दी कुठून येणार? जत्रेची तिथी दरवर्षी बदलली तर गावकरीसुद्धा यायचे नाहीत.

नुकसान मोठ्या काउंटीचं नाही. किलकेनी, कॉर्कच्या पोरांना मोठे सामने मिळतातच. नुकसान अँट्रिमसारख्यांचं. अँट्रिमने ऑल-आयर्लंड विजेतेपद कधीच जिंकलेलं नाही. १९८९ ला फायनल गाठली आणि टिपरेरीकडून हरले. अशा काउंटीत जन्मलेल्या गुणी पोराला देशातल्या सर्वोत्तमांबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध खेळायची हमखास जागा म्हणजे प्रांताचा संघ. अल्स्टरने हर्लिंगचा कप एकदाही जिंकला नाही, पण संधी दरवर्षी होती. ती गेली.

आता आपल्याकडे बघा. दुलीप करंडक १९६१-६२ ला विभागांचा म्हणून सुरू झाला. २०२४ ला विभाग काढून ए, बी, सी, डी संघ केले, २०२५ ला पुन्हा विभाग आणले. त्या 'बी' संघाला आपलं म्हणणार कोण? छोट्या रणजी संघातल्या पोराला विभागाचा संघ हीच वरची पायरी असते. ती पायरी दरवर्षी हलवायची आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणून रडायचं, हे बरोबर नाही.

आयर्लंडच्या क्लब फायनल २०२० पासून जानेवारीत गेल्यात. म्हणजे ज्यांच्यासाठी १७ मार्च काढून घेतला, त्यांनाच आता तो नकोय. माझं मत सरळ आहे. तो दिवस आणि क्रोक पार्क सलग ५ वर्षं रेल्वे कपला द्या. तरीही लोक आले नाहीत तर खुशाल बंद करा. पण आधी द्या तर!

तुम्हाला काय वाटतं? दुलीप करंडक शेवटचा कधी पाहिलात, तेही सांगा.