हिरव्या दिव्याला जामीन कोण?

दिवाळी अंकात रेल्वेच्या सिग्नलविषयी लिहू नये, असे मला दोघातिघांनी बजावले. त्यांच्या मते सणासुदीला माणसाने गोड लिहावे. निदान शाळामास्तराने तरी तारा, सांधे आणि दांडे यांच्या भानगडीत पडू नये. सल्ला चांगला आहे, आणि मी तो मानणार नाही. हा अंक उघडणाऱ्यांपैकी कितीतरी जण या घटकेला गाडीत बसलेले असतील. दिवाळसणाला निघालेला जावई असेल, भाऊबीजेसाठी माहेरी निघालेली लेक असेल, तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा आणि डब्यावर डोके टेकून झोपलेले पोर असेल. त्या पोराची झोप ज्याच्या भरवशावर आहे, त्याची गोष्ट आज काढायची नाही तर काढायची केव्हा?

मोटार हाकणाऱ्याला समोर काही आडवे आले तर चाक वळवता येते. इंजिनचालकाला वळवायला चाकच नसते. रूळ नेतील तिकडे त्याने जायचे, आणि भरधाव गाडी थांबवायची तर किलोमीटरभर वाट हवी. म्हणून तो रुळाकडे पाहून गाडी हाकीत नाही, दिव्याकडे पाहून हाकतो. हिरवा दिवा त्याला सांगतो की, पुढचा सांधा नीट लागलेला आहे, त्याला कुलूप आहे, मार्ग मोकळा आहे. सांधा एकीकडे आणि दिवा दुसरीकडे असे होऊ नये म्हणून दोघांची गाठ मारलेली असते. पूर्वी ही गाठ केबिनमधल्या लोखंडी दांड्यांची होती, मग विजेच्या रिलेची आली, आता पुष्कळ ठिकाणी संगणकाची आहे. रेल्वेवाले तिला इंटरलॉकिंग म्हणतात. आपल्याला हा शब्द 'नॉन-इंटरलॉकिंगच्या कामामुळे पुढील गाड्या रद्द' एवढ्यापुरताच कळतो. आपण कपाळाला आठ्या घालतो आणि बोचकी उचलून घरी परततो.

बोरघाटात एक जुनी युक्ती आहे. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुद्दाम चढावाच्या आडमार्गाकडे लावून ठेवलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या आडमार्गावर चढून आपोआप थांबते. मला या व्यवस्थेचे फार कौतुक वाटते, कारण ती कुणाच्याही शब्दावर विसंबत नाही. गाडीने आधी आपला पुरावा द्यावा, मग पुढे जावे. माझे सगळे भांडण एवढेच आहे की, गाडीला जो नियम लावला तो सिग्नलच्या तारा बदलणाऱ्यांना का लावू नये?

कायदा नाही असे कुणी समजू नये. रेल्वे सुरक्षा आयुक्त नावाचे एक पद आपल्याकडे आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने त्यांना अधिकार दिले आहेत. त्यांनी पाहणी करून मंजुरी दिल्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावू शकत नाही, आणि सिग्नलच्या रचनेत मोठा फेरफार करायचा तरी त्यांच्याकडे जावे लागते. मध्य वर्तुळाच्या आयुक्तांची कचेरी मुंबईत आहे. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. १९३९ साली कर्नल माउंट यांच्या समितीने सांगितले की, रेल्वे चालवणारा आणि रेल्वे तपासणारा एकच असू नये. त्याप्रमाणे मे १९४१ मध्ये ही तपासणी रेल्वे बोर्डाकडून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिली. आज ती नागरी विमानवाहतूक मंत्रालयाकडे आहे. आम्हा विश्रांतवाडीकरांच्या डोक्यावरून लोहगावची विमाने दिवसरात्र घरघरत असतात; आगगाडीची राखण करणारे खातेही तिकडेच आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक असेल?

योजना शहाणपणाची होती. तिला पुढे दोन भगदाडे पडली. पहिले असे की, आयुक्त म्हणून येणारे अधिकारी मुळात रेल्वेतलेच. अपघातानंतर त्यांनी केलेल्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही, हेही रेल्वे बोर्डच ठरवणार. दुसरे भगदाड मला जास्त घातक वाटते. मोठा फेरफार आयुक्तांपुढे जातो, पण 'दुरुस्ती' किंवा 'बदली' या सदरात मोडणारे काम खात्यातल्या खात्यात उरकते. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची वेळ पाच मिनिटांनी हलवायची तरी मुख्याध्यापकांची सही लागते आणि सूचना वर्गावर्गांत फिरते. आणि रुळाकाठच्या पेटीतली एक तार इकडची तिकडे करायची, तर?

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकावर, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा होता आणि सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाला लागलेला होता. लूप मार्गावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. चौकशी केली ती सुरक्षा आयुक्तांनीच, आणि त्यांच्या निष्कर्षाचा सारांश जुलै २०२३ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितला: स्थानकाच्या उत्तरेकडच्या सिग्नलपेटीतल्या जोडण्यांत पूर्वी कधीतरी केलेल्या बदलात त्रुटी राहिली होती, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेचा अडसर बदलताना तिच्यात भर पडली. एक फाटक बदलायचे, एवढेच काम! पुढे सीबीआयने रेल्वेच्या तिघा कर्मचाऱ्यांना अटक केली, आणि ९४ च्या फाटकाचे काम ७९ च्या फाटकाचा नकाशा घेऊन, वरिष्ठांच्या मंजुरीवाचून झाले, असा आरोप ठेवला. आरोप खरा की खोटा हे न्यायालय पाहील. मी विचारतो ते वेगळेच. पूर्वीचा तो चुकीचा बदल इतकी वर्षे त्या पेटीत सुखाने नांदला कसा? कुणीच झाकण उघडून नकाशाशी ताळा केला नाही?

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकाजवळ संपर्क क्रांती एक्सप्रेसला असाच खोटा हिरवा दिवा मिळाला. चालकाने वेळीच ओळखले, गाडी थांबवली, अनर्थ टळला. त्या विभागाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून कळवले की, सिग्नलच्या देखभालीत नियमाला बगल देण्याची ही खोड मोडली नाही तर मोठा अपघात होईल. ते पत्र आपल्याला कळले जूनमध्ये, प्रेते मोजताना.

आता कुणी म्हणेल, 'कवच' येते आहे, मग चिंता कसली? कवच अवश्य यावे. लाल दिवा ओलांडणाऱ्या गाडीला ते थोपवील. पण दिवा लाल की हिरवा हे कवचालाही इंटरलॉकिंगच सांगणार. तिथेच तार चुकीची असेल, तर कवचही खोटेच ऐकणार.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे म्हणून मी रेल्वेला झोडपत नाही. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ माणसे मेली. तिथेही सिग्नलचे नूतनीकरण चालू होते. एक जुनी तार काढायची ती लोंबकळत राहिली आणि दिव्याला खोटी वीज देऊ लागली. काम करणाऱ्या कारागिराला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि त्याचे काम दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलेच नव्हते. फरक पुढे पडला. अँथनी हिडन यांनी उघड चौकशी केली, अहवाल छापला, आणि सामान्य माणसाला तो विकत घेऊन वाचता आला. थकव्यापासून तपासणीच्या कागदापर्यंत सारे त्यात होते. अमेरिकेत तर १९३७ पासून कायदाच आहे की, रेल्वे कंपनीने सरकारच्या परवानगीवाचून सिग्नलयंत्रणा काढून टाकायची नाही किंवा तिच्यात महत्त्वाचा बदल करायचा नाही. असा अर्ज आला की तो राजपत्रात छापतात, आणि कुणालाही हरकत कळवता येते. अमेरिकेचे सगळेच काही घेण्यासारखे नाही; हे मात्र घ्यावे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: अशाने कामे रखडतील, आणि तारांतले लोकांना काय कळते? रखडण्याचे भय रेल्वेने आम्हाला घालू नये. दुहेरीकरणासाठी, फलाट लांबवण्यासाठी गाड्या दिवसचे दिवस रद्द होतात आणि आम्ही त्या सोसतो. मे-जून २०२४ मध्ये ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक झाला, मुंबईकरांनी तोही काढला. त्यात तपासणीचे आणखी दोन तास गेले तर कुणी मोर्चा काढणार नाही. राहिले लोकांना कळण्याचे. आषाढवारीत माउलींची पालखी आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्याला जाते. पुढे मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि हजारोंचा गजर एका क्षणात थांबतो. दंड कुणाच्या हाती आहे आणि तो केव्हा वर जातो, हे शेवटच्या दिंडीतल्या म्हातारीलाही ठाऊक असते. म्हणून त्याला वजन आहे. सिग्नलमधली वीज त्या म्हातारीला कळणार नाही, पण 'काम एकाने केले आणि तपासले दुसऱ्याने' हे वाक्य तिला निश्चित कळेल.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. जोडणीतला कोणताही बदल, मग त्याला दुरुस्ती म्हणा की बदली, काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने नकाशाशी ताडल्यावाचून त्या दिव्याखालून गाडी जाऊ नये. दुसऱ्याची सही आयुक्तांच्या दप्तरी पोचावी. आयुक्तांना माणसे भरपूर द्यावीत, आणि ती रेल्वेच्या बढतीकडे डोळे लावून बसलेली नसावीत. अपघाताचे अहवाल पुरे छापावेत, मराठीतही. आणि प्रत्येक स्थानकावर एक फलक असावा. जागा नाही म्हणू नका. २०२३ साली स्थानकांवर सेल्फी काढण्यासाठी कमानी उभ्या करायला जागा सापडली होती. त्यातल्या वीतभर जागेत खडूने एवढेच लिहावे: अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या फाटकाच्या जोडण्या बदलल्या, काम केले यांनी, तपासले यांनी, मंजुरी दिली यांनी.