कॅननवाले की निकॉनवाले?

‘पहिला डीएसएलआर घ्यायचाय, कॅनन घेऊ की निकॉन?’ हा प्रश्न विचारणारी जमात अजून संपलेली नाही, बरं का! मधल्या काळात फोनचे कॅमेरे भन्नाट झाले. २०१८ मध्ये खुद्द कॅनन आणि निकॉननेही ‘आर’ आणि ‘झेड’ अशी आपापली नवी मिररलेस घराणी सुरू केली. पण नव्या मिररलेसची किंमत ऐकली, की पगाराची स्लिप आपोआप डोळ्यांसमोर येते. मग पावलं वळतात वापरलेल्या डीएसएलआरकडे. आणि तिथे पुन्हा तेच दोन पैलवान समोरासमोर.

जोडी घेऊ अगदी बरोबरीची. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५००. दोन्ही २०१८ सालचे, दोन्ही नवशिक्यांसाठी काढलेले. दोघांचं रिझोल्यूशन २४ मेगापिक्सेल, म्हणजे इथे सामना बरोबरीत. सेकंदाला कॅनन तीन फोटो काढतो, निकॉन पाच. एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजमापानुसार कॅननचे ५०० फोटो, निकॉनचे १५५०. दोन दिवसांच्या ट्रेकला जाणाऱ्यांनी हा आकडा नीट वाचावा. गडावर चार्जिंगचा पॉइंट शोधत फिरायची हौस कुणाला असते? उलट कॅननला वायफाय आहे, निकॉनला फक्त ब्लूटूथ, त्यामुळे फोनवर फोटो टाकणं कॅननमध्ये सोपं. अंधारातला फोटो कॉम्प्युटरवर उजळवायला गेलात तर कॅननमध्ये दाणे आधी दिसतात. कागदावर निकॉन पुढे आहे, यात वाद नाही.

पण खरी परीक्षा कागदावर नसतेच. ती असते संध्याकाळी साडेसातला, फ्लॅटच्या हॉलमध्ये. पुतणीचा वाढदिवस आहे, वर एक ट्यूबलाइट आहे, आणि उत्सवमूर्ती एका जागी उभी राहायला तयार नाही. अशा वेळी दोन्ही कॅमेऱ्यांबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स सारखीच हात टेकते. ३५ एमएमवर तिचं अपर्चर साधारण एफ/४.५पर्यंतच उघडतं. समजा, तेवढ्या उजेडात शटर स्पीड मिळाला १/२०. म्हणजे भिंतीवरचे फुगे झकास येणार आणि पुतणीच्या जागी गुलाबी धुरळा! लेन्सवर ‘व्हीआर’ किंवा ‘आयएस’ लिहिलेलं असतं ना, ते तुमच्या हाताचं कापणं सावरतं, मुलांचं पळणं नाही.

त्याच जागी एफ/१.८ची लेन्स लावा. सहापट उजेड आत येतो. १/२० चा स्पीड होतो १/१२५, आणि फुंकर मारतानाचे गाल जसेच्या तसे मिळतात. हा फरक कुठलीही नवी बॉडी घेऊन पडत नाही. म्हणूनच माझं म्हणणं, बॉडीवर रात्र-रात्र डोकेफोड करण्यापेक्षा पहिला प्रश्न असा विचारा: यानंतरची, स्वस्तातली, भरपूर उघडणारी लेन्स मला कुणाकडे मिळणार?

गंमत इथेच सुरू होते. सगळे सल्लागार एका सुरात सांगतात, ‘फिफ्टी एमएम घे रे!’ लेन्स छानच आहे. पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० एमएम तिथे ७५-८० एमएमसारखी वागते. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये मागे सरकत सरकत तुम्ही बाल्कनीत पोहोचता, तरी केक आला तर आजी येत नाहीत. घरातल्या फोटोंना ३५ एमएम बरी. निकॉनने या छोट्या सेन्सरसाठीच ३५ एमएम एफ/१.८ची लेन्स २००९ मध्ये काढली, आणि वापरलेली सहज मिळते. कॅननकडे याला तोडीस तोड स्वस्त उत्तर नाही. २४ एमएम एफ/२.८ची चपटी लेन्स आहे, खिशात मावते, प्रवासाला मस्त. पण उजेडाच्या हिशेबात ती मागे पडते.

म्हणजे निकॉन जिंकला? थांबा. निकॉनच्या दारात एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. निकॉनच्या जुन्या ‘एएफ’ आणि ‘एएफ-डी’ लेन्सेसमध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते. आणि स्वस्त बॉडींमधून, २००६ च्या डी४० पासून थेट डी३५०० पर्यंत, निकॉनने ती मोटर काढून टाकली. परिणाम? काकांच्या कपाटातली ५० एमएम एफ/१.८डी तुम्ही हौसेने लावता, ती बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवायचा. पळणाऱ्या पुतणीला हे सांगून बघा! तेव्हा निकॉनची लेन्स घेताना ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ ही अक्षरं शोधायची. जुन्या लेन्सेसचा खजिना घरात असेलच, तर डी७००० मालिकेतली बॉडी बघा, तिच्यात मोटर आहे.

कॅननने हा गुंता १९८७ मध्येच सोडवला. जुना माउंट सरळ मोडीत काढला (तेव्हाच्या ग्राहकांनी काय बोटं मोडली असतील!) आणि नव्या ईएफ माउंटच्या प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर बसवली. त्यामुळे मित्राची, मामाची, दुकानातली, कुठलीही कॅननची ईएफ लेन्स १५००डीवर डोळे मिटून लावा. उद्या आर घराण्यात गेलात तरी अॅडाप्टर लावून ती ऑटोफोकससकट चालते. निकॉनची एएफ-एससुद्धा अॅडाप्टरने झेडवर चालते. नेहमीच्या एफटीझेड अॅडाप्टरवर एएफ-डीचं नशीब मात्र तिथेही तेच.

तेव्हा माझा निकाल: जवळच्या कुणाकडे कॅननच्या लेन्सेस असतील आणि तो त्या उसन्या देणाऱ्यातला असेल, तर कॅनन घ्या. पाटी कोरी असेल आणि घरातले, माणसांचे फोटो काढायचे असतील, तर डी३५०० आणि ती ३५ एमएम.

डी३५००चं उत्पादन थांबलंय, त्यामुळे तो वापरलेलाच शोधावा लागेल. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक दुपार काढा. जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि छोटा टॉर्च न्या. लेन्स काढून तिच्यातून टॉर्च मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, की कितीही स्वस्त देवोत, हात जोडा आणि पुढच्या दुकानात चला. मग आपल्या कार्डावर एक फोटो काढून घ्या. निकॉनच्या फाइलमध्ये शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा नोंदलेला असतो, साध्या फुकट सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. १५००डीच्या फोटोत तो मिळत नाही, तिथे दुकानदाराच्या शब्दाऐवजी बटणांची झीज आणि ग्रिपचं रबर बघा. आणि पैसे मोजण्याआधी कॅमेरा पाच मिनिटं नुसता हातात धरून उभे राहा, करंगळी कुठे जाते ते कळेल.