सत्कार दहावीचा, गळती दुसऱ्या वर्षाची

आपल्या मोहल्ल्यांत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, ट्रॉफी, भाषणं. त्यातल्या किती जणांच्या हातात पुढे पदवी पडते, हे कुणी विचारत नाही.

केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले. कोरोना सगळ्यांनाच होता, पण त्याच वर्षी एससी, एसटी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली.

‘आपल्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही,’ हे सोपं आणि खोटं उत्तर आहे. आवड नसती तर प्रवेश कशाला घेतला असता? मी नवी मुंबईत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी तुर्भे, कोपरखैरणे, तळोज्याची काही मुलं माझ्याकडे गणित विचारायला येतात. कॉलेज एका दिवसात सुटत नाही. आधी एम-वनमध्ये केटी लागते. मग परीक्षेची फी थकते. तेवढ्यात उत्पन्नाच्या दाखल्यावरून महाडीबीटीचा अर्ज परत येतो. घरात कमावणारे एकटे अब्बा. डिलिव्हरीच्या कामात मात्र लगेच पैसे मिळतात. ‘एक वर्ष काम करतो, मग येतो,’ म्हणून गेलेला मुलगा सहसा परतत नाही. मुलगी असेल तर केटीपाठोपाठ घरात स्थळांची चर्चा सुरू होते.

यातल्या निम्म्या अडचणी कागदाच्या आहेत. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेशाच्या वेळी दाखले तयार नसतील, तर ही माफी कागदावरच राहते.

आमच्या कामात सिस्टीम बंद पडली की आधी लॉग बघतात: नेमकी कुठे अडकली? कॉलेज सोडणाऱ्या मुलाच्या हाती दाखला देतात, कारण कुणी विचारत नाही. ते आपण विचारू या. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन नोकरदार पदवीधर आहेतच. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांची यादी करावी, अकरावी-बारावीतच दाखले काढून घ्यावेत, रविवारी गणित शिकवावं. सत्काराच्या खर्चातून दहा जणांची परीक्षा फी भरता येईल.

ट्रॉफी पास झालेल्याला मिळते. केटी लागलेल्याला आपली जास्त गरज आहे.