काचेच्या पेटीतला सरडा आणि आपलं अणुव्रत



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. काहींना राग येईल, येऊ दे.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून हल्ली एक नवा हट्ट कानावर येतो. नातवंडांना कुत्रा नको, मांजर नको, 'बिअर्डेड ड्रॅगन' हवा. म्हणजे दाढीवाला सरडा. सुना फोनवर विचारतात, "आई, पाळू का? भुंकत नाही, केस गळत नाहीत, शांत बसून असतो, शिवाय भाजीपाला खातो." 'भाजीपाला खातो' हे ऐकलं की आपण इकडे निर्धास्त होतो आणि हो म्हणून टाकतो. माझं म्हणणं असं की जैन घरात हा प्राणी पाळताच येत नाही. आणि याचं कारण सरड्याची किळस हे नव्हे.

किळस आपण कशाला करू? पार्श्वकुमारांनी जळत्या लाकडातल्या नागनागिणीवर करुणा केली, तेच पुढे धरणेंद्र-पद्मावती झाले. पार्श्वनाथांचं लांछनच सर्प आहे. हुमच्याच्या पद्मावतीला आपण ओटी भरतो. सरपटणारा जीव आपल्याला परका नाही. प्रश्न आहे तो त्याच्या ताटाचा.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, उष्ण भागातला. शेपटीसकट दीड-दोन फूट वाढतो, नीट सांभाळला तर दहा वर्षं किंवा जास्तही जगतो. तो भाजी खातो हे खरं, पण अर्धंच खरं. पिल्लू असताना त्याचा बहुतेक आहार किड्यांचा असतो, तेही जिवंत, हलणाऱ्या किड्यांचा. मोठा झाल्यावर पालेभाजी वाढते, तरी आठवड्यातून काही वेळा किडे लागतातच. म्हणून दुकानातून सरड्याबरोबर रातकिड्यांचा डबा येतो, झुरळं येतात, अळ्या येतात. अळ्या फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे त्या सुस्त पडून राहतात. रातकिड्यांना गाजर-बटाट्याचे काप घालून पोसतात, मग पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून त्यात त्यांना घोळवतात आणि सरड्यापुढे सोडतात.

विचार करा. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घरात बटाट्याचा काप येणार, तोही ज्याला मारायचं आहे त्या जिवाला पुष्ट करायला! आणि ज्या फ्रिजमध्ये आपण देवाच्या नैवेद्याचं दूध ठेवतो, त्याच फ्रिजच्या दारात जिवंत अळ्यांची डबी.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पिल्लाला दिवसाला वीसच किडे धरू, प्रत्यक्षात जास्तही लागतात. महिन्याचे ६००, सहा महिन्यांचे ३,६००. पुढे मोठा झाल्यावर आठवड्याला वीस धरले तर वर्षाचे १,०४०, दहा वर्षांचे १०,४००. एकूण १४,०००. एका मुलाच्या हौसेपायी चौदा हजार त्रस जीव, तेही हात आखडता घेऊन केलेला हिशेब. पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडणाऱ्या आज्यांच्या आपण नाती आहोत.

गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही, उद्योगी टळत नाही, विरोधीही कधी टळत नाही. म्हणून शास्त्रानं त्याला सवलत दिली. संकल्पी हिंसेला मात्र सवलत नाही. रातकिडा विकत आणून चिमट्यात धरून सरड्यासमोर नेणं ही संकल्पी हिंसा नाही तर काय आहे? श्रावकाचारात मांजरासारखे जीव मारून खाणारे प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलंय, ते याचसाठी.

यावर उत्तर येतं, "निसर्गात तो किडेच खातो ना?" खातो. ऑस्ट्रेलियाच्या माळावर तो किडा पकडतो तेव्हा कर्म त्याचं आणि भोग त्याचा. त्यात तुमचा हात नाही. तुमच्या घरात मात्र किडा पळून जाऊ शकत नाही आणि सरडा दुसरं काही शोधू शकत नाही. दोघांच्या मध्ये तुम्ही उभ्या आहात, पैसे देऊन. "आम्ही वाळवलेले, मेलेले किडे घालू" म्हणणाऱ्यांनी कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आठवावेत. मारणारा दुसरा असला तरी ऑर्डर आपली असते.

दुसरं उत्तर मला जास्त घातक वाटतं, कारण ते धार्मिक वाटतं: "आम्ही त्याला शुद्ध शाकाहारी करू." वाढत्या पिल्लाला नुसत्या पाल्यावर ठेवलं तर त्याच्या वाढीला पुरेसं मिळत नाही. घरात सहज मिळतो म्हणून पालक घालावा, तर पालकातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शरीरात कॅल्शियम कमी पडलं, किंवा अतिनील किरणांचा दिवा बरोबर नसला, की त्याची हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ज्याचा जो आहार, तो त्याला न देणं हा पाचवा. म्हणजे किडे घातले तर हिंसा, न घातले तर अतिचार. तिसरा रस्ता एकच, न आणणं.

आणि पहिल्या अतिचाराचं काय? बंध. ऊन खात माळावर हिंडणारा पंचेंद्रिय जीव काचेच्या पेटीत, दिव्याखाली. पुष्कळदा तो काचेवर पंजे घासत वरखाली करत राहतो. मुलं म्हणतात, खेळतोय. तो बाहेर पडायची वाट शोधत असतो. पुढचा पाय गोल फिरवतो, तेव्हा मुलं म्हणतात, टाटा करतोय. ती समोरच्या मोठ्या प्राण्यापुढे शरण गेल्याची खूण असते. नेमिनाथांनी लग्नाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ गिरनारकडे वळवला. सरड्याला आक्रोश करता येत नाही, एवढाच फरक.

"मुलं जबाबदारी शिकतात, भूतदया शिकतात," असंही सांगतात. माझा खरा राग इथे आहे. सहा वर्षांचं मूल रोज संध्याकाळी चिमट्यानं एक जीव दुसऱ्याला भरवतं आणि घरातले टाळ्या वाजवून व्हिडिओ काढतात. ते मूल हेच शिकतं की काही जीव लाडाचे असतात आणि काही जीव म्हणजे खुराक. रविवारी पाठशाळेत त्यालाच आपण 'सर्व जीव समान' शिकवणार. मुलं मूर्ख नसतात. घरात पाहिलेलं त्यांना पाठशाळेत ऐकलेल्यापेक्षा खरं वाटतं.

धर्म बाजूला ठेवा म्हणणाऱ्या सुनांसाठी एवढंच: हे सरडे निरोगी दिसले तरी त्यांच्याकडून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात. पाच वर्षांखालची मुलं किंवा पासष्टीपुढची माणसं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसीचाच सल्ला आहे. नातवंडं आणि आजी-आजोबा वगळले तर आपल्या घरात उरतं कोण?

आता ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे त्यांच्यासाठी. त्याला बाहेर सोडू नका. न्यू जर्सीच्या थंडीत तो मरेल आणि ते पाप वेगळं. उपाशी ठेवू नका, व्रताच्या नावाखाली तर मुळीच नको. सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या जवळच्या बचाव संस्थेकडे द्या, देताना पेटी, दिवे आणि थोडे पैसेही द्या. आणि पुन्हा आणू नका. आपली प्रत्येक खरेदी म्हणजे दुकानदाराला दुसरं पिल्लू मागवायची सूचना असते, हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

मुलाला जीव पाहायचा असेल तर जरूर दाखवा. टेक्सासमध्ये कुंपणावर हिरवे अनोल सरडे ऊन खात बसतात. अंगणात मिल्कवीड लावलं तर त्यावर मोनार्कची अळी येते, कोश करते, फुलपाखरू होऊन उडून जाते. इकडे सुट्टीत आल्यावर त्याला आपल्या पांजरपोळात न्या, त्याच्या हातानं चारा घालू द्या.

या पर्युषणात फोन येईल तेव्हा नुसतं 'क्षमा' म्हणून ठेवून देऊ नका. हा विषय काढा. सून रागावली तरी चालेल, नातू रुसला तरी चालेल. आजीनं नाही म्हणायचं नाही तर कोणी म्हणायचं?

जय जिनेंद्र.