आजी, माइक चालू आहे!

या दिवाळीत बडनेऱ्याला गेले ती एक मिशन घेऊनच. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. आजी चौऱ्याऐंशीची. ओव्या कुठल्याच वहीत नाहीत, सगळ्या तिच्या गळ्यात. मागच्या वर्षी मोबाइलवर ट्राय केलं होतं. ऐकलं तर आजी कमी, पंखाच जास्त! त्यात बडनेरा पडलं जंक्शन. मुंबई-हावडा लाइनवरची गाडी नेमकी ओवीच्या मधोमध भोंगा मारते.

म्हणून या खेपेला साधा डायनॅमिक माइक नेला. घरी बाबांचा जुना स्टिरिओ आणि भावाचा जुना पीसी होताच. म्हटलं, सोप्पंय! माइक घुसवला स्टिरिओच्या ऑक्समध्ये. आवाज आला डासाएवढा.

तर मंडळी, फंडा असा आहे. माइकचा सिग्नल असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. ऑक्स किंवा लाइन-इनला लागतो त्याच्या शंभरेक पट. ही वाढ करतो प्रीअँप. स्टिरिओला 'माइक' लिहिलेलं सॉकेट असेल, तर प्रीअँप आतच असतो. माइक तिथेच लावा. मग मागच्या 'टेप आउट'मधून वायर काढा आणि पीसीच्या निळ्या सॉकेटमध्ये घाला. निळं म्हणजे लाइन-इन, गुलाबी म्हणजे माइक. स्पीकरच्या वायरी मात्र चुकूनही पीसीला जोडू नका, साउंड कार्डची वाट लागेल. रेकॉर्डिंग करताना स्पीकर बंद, हेडफोन कानाला. नाहीतर माइक स्पीकरचंच ऐकत बसतो आणि घरभर कुईंऽऽ!

नव्या लॅपटॉपना बहुधा निळं सॉकेट नसतंच. तिथे प्रीअँपवाला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लेव्हल उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. फाइल 'वेव्ह'मध्येच ठेवा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी जागा खाते. खाऊ दे!

एवढा खटाटोप कशाला? गाडगेबाबांचं 1956 सालचं मुंबईतलं कीर्तन आज ऐकता येतं, कारण तेव्हा कुणीतरी समोर माइक ठेवला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण आपल्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती आपणच जपायची.

सगळं जुळवून झालं, तर माइक पाहून आजीच गप्प. म्हणे, "मी गेल्यावर बी हा आवाज वाजन का व?"

काय बोलावं कळेना. म्हटलं, "हो."

"मंग पह्यले थो पंखा बंद कर."