कप्तान कोण, कैदी कोण?



आजकाल मुलांच्या वाढदिवसाला नुसता केक आणि फुगे पुरत नाहीत. मोबाईलवरचे कार्टून पाहून पाच वर्षांचे पोर हट्ट धरते, "मला समुद्री चाच्यांचा वाढदिवस पाहिजे!" डोळ्यावर काळी पट्टी, कवटीची टोपी, हातात तलवार. सातपूर-अंबडच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाने यासाठी उसनवारी करावी काय? मुळीच नाही. हट्ट जरूर पुरवावा, पण घरच्या घरी.

वर्तमानपत्राची टोपी करून काळी रंगवावी. किराणा दुकानातून मोठे खोके आणले की गलबत तयार. नाशिकला समुद्र नाही, पण आईची जुनी निळी साडी अंथरली की तोही आला. तलवार पुठ्ठ्याचीच असावी. पट्टी फोटोपुरती बांधावी. एक डोळा झाकून पळताना मूल धडपडते. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की जुनाट दिसतो. त्यावर खजिन्याचा नकाशा काढावा. खजिन्यात पेन्सिली, खोडरबर, राजगिऱ्याचे लाडू ठेवावेत. लहानग्यांना अख्खी द्राक्षे, शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलावेत.

एवढी तयारी झाली की मुले खेळायला लागतात, आणि मोठ्यांनी लक्ष द्यायचे ते इथेच. कप्तान व्हायला सगळे तयार असतात. कैदी कोणाला करतात? जो अबोल आहे, ज्याचे कपडे साधे आहेत, जो वस्तीत नवा आला आहे, त्याला. आपण "खेळच तो" म्हणून हसतो. पण ते पोर घरी जाताना काय घेऊन जाते?

कोणाला चोर म्हणायचे हे बहुधा बलवान ठरवितो. कान्होजी आंग्रे मराठा आरमाराचे सरखेल होते. त्यांचे दस्तक न घेता जाणारी जहाजे ते पकडीत, म्हणून इंग्रज त्यांना चाचा म्हणत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, पण त्यांना हार खावी लागली. आज मुंबईत भारतीय नौदलाचा 'आंग्रे' नावाचा तळ आहे. इंग्रजांचा चाचा आपला आरमारप्रमुख होता!

त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की अजूनही पहिला संशय पारध्याच्या पालावरच जातो. कायदा पुसला गेला, शिक्का पुसला गेला नाही. असा शिक्का मारायची सवय मुलांना खेळातून लागू नये.

म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक डावात कप्तान बदलावा आणि कैदीही बदलावा. वाढदिवसाच्या मुलालाही एकदा कैदी होऊ द्यावे. त्याआधी कान्होजींची गोष्ट सांगावी. पाच वर्षांच्या मुलाला ती छान समजते. खजिना ज्याला सापडेल त्याचा एकट्याचा नव्हे, सर्वांचा. त्याची समान वाटणी वाढदिवसाच्या मुलाच्या हातून करावी आणि त्याने आपला वाटा शेवटी घ्यावा.

पुढच्या वाढदिवसाला एवढे करून पाहा. खर्च फार येणार नाही, आणि कोणतेही पोर मान खाली घालून घरी जाणार नाही.